बिनचावीच्या गाडीची चावी

नव्या गाडीची चावी मी हायवेवरच्या देवळात पूजेच्या ताटात विसरलो आणि तशीच गाडी चालवत तलासरीपर्यंत गेलो. गाडी चालू होती म्हणून गेलो. बंद केली तेव्हा कळलं.

हे सांगितलं की सगळे एकच विचारतात, चावी नसताना गाडी चाललीच कशी? तर या गाड्यांना चावी भोकात घालून फिरवायची नसते. सुपारीच्या डबीएवढा एक काळा ठोकळा असतो. तो गाडीत असला की गाडीला मालक आल्याचं कळतं, मग बटण दाबलं की इंजिन सुरू. एकदा सुरू झालं की ठोकळा बाहेर गेला तरी ते बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात बंद पडलं तर मागचा येऊन आदळेल. फक्त आपण बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही. हे सगळं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात छापलेलं होतं. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत होतं, आणि ती पिशवी मी फोडली नव्हती. नव्या गाडीचा वास जाईल म्हणून.

बिनचावीची गाडी घेतली त्याला कारण चाव्याच. चाव्यांचं आणि माझं कधी जमलं नाही. नरपडला आमची चिकूची वाडी. वाडी म्हटली की फाटक आलं, पंपाची खोली आली, खताची खोली आली, घर, कपाट आणि जुनी जीप आली, आणि या सगळ्यांच्या चाव्या आल्या. त्या बाबांच्या कमरेला असायच्या. बाबा वाडीत फिरायला लागले की गळ्यात घंटा बांधलेलं जनावर फिरतंय असं वाटायचं, आणि गडीमाणसं आवाजावरून सावध व्हायची. माझ्याकडे एकच चावी होती, माझ्या आधीच्या छोट्या गाडीची. तीही मी आत ठेवून दार लावून घ्यायचो. मग मसोलीचा मेकॅनिक यायचा, काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी आत सरकवायचा आणि खट् करून दार उघडून द्यायचा. तिसऱ्या खेपेला त्याने ती पट्टीच माझ्या हातात ठेवली.

"शेठ, तुमच्याकडेच असू द्या. मला दर वेळी दुकान सोडून यावं लागतं."

मी पट्टी जपून ठेवली. गाडीच्या आत, पुढच्या कप्प्यात.

बाबांचं म्हणणं, चूक माणसाची असते, चावीची नसते. पण त्यांच्याही चावीचा इतिहास काही फार उजळ नाही. २०१४ साली ते डहाणूच्या बाजारातून जीप घेऊन घरी आले. जीप वाडीत शिरली तशी आसपासची सगळी मांजरं तिच्यामागे लागली. बाबांनी मागे वळून बघितलं, तर चिकूच्या क्रेटऐवजी सुक्या बोंबलांच्या टोपल्या! जीप पांढरीच होती, तशीच खिळखिळी होती, पण आमची नव्हती. आमची चावी झिजून झिजून अशी गुळगुळीत झाली होती की कुठल्याही जीपला लागावी, आणि त्या जीपचं कुलूप असं सैल झालेलं की त्याला कुठलीही चावी लागावी. दोघांची गाठ पडली. बाबा जीप घेऊन परत बाजारात गेले, तेव्हा तो मच्छीवाला आमच्या जीपला टेकून विडी ओढत उभा होता.

"मी पण तुमची घेऊन जाणार होतो काका," तो म्हणाला, "पण मागे चिकू बघितले. बोंबील म्हणून चिकू घेऊन गेलो असतो तर बायकोने घरात घेतलं नसतं."

पुढे शोरूममध्ये विक्रेता मला बिनचावीच्या गाडीचे गुण सांगायला लागला, तेव्हा मला मांजरं आठवत होती. तो सांगत होता, "सर, हिची कॉपी कोणी करू शकत नाही. दुसऱ्या कुणाची चावी हिला चालणार नाही. चोराने हात लावला तर गाडी बोंब मारते. तुम्ही फक्त चावी खिशात ठेवायची आणि विसरून जायचं."

त्यातलं विसरून जायचं तेवढं मी मनावर घेतलं.

घरी आल्यावर बाबांनी ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा केला.

"हिला दात कुठायत?"

"लागत नाहीत बाबा."

"जन्मतःच म्हातारी?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष ठोकळ्याच्या कडीकडे होतं. चांगली चकचकीत कडी, आणि तिच्यात काहीच नाही. ते मला बघवेना. म्हणून मी तिच्यात आमच्या लोखंडी कपाटाची चावी अडकवली. शोरूमने एक जादाचा ठोकळाही दिला होता. तो कपाटात, आतल्या खणात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. आता कसलीच काळजी नाही, असं मी पत्नीला म्हणाल्याचं मला स्पष्ट आठवतं.

पत्नीला त्या दिवसांत वेगळी काळजी होती. झाडावरचे चांगले चिकू व्यापारी नेतो, मागे बारके, वेडेवाकडे उरतात. त्यांच्या ती चकत्या करायची, गच्चीवर जाळीखाली वाळवायची, थोड्यांची बर्फी करायची. नातेवाइकांनी भरपूर कौतुक केलं आणि पिशव्या भरभरून नेल्या. मग तिने पाकिटं करून डहाणूतल्या एका दुकानात ठेवायला दिली. महिन्याने बघायला गेली, तर पाकिटं झाडूंच्या मागे. तिने तिथेच उभं राहून ती सगळी परत पिशवीत भरली, घरी आली, आणि दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

आणि आता तलासरीच्या पुढच्या एका हॉटेलने विचारणा केली होती. गुजरातकडे जाणाऱ्या बसगाड्या तिथे जेवायला थांबतात. मालक उंबरगावकडचे, बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. त्यांच्या गल्ल्याशेजारचा काचेचा कप्पा रिकामा झाला होता. गल्ल्याशेजारचा म्हणजे पैसे द्यायला येणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोर उभा राहणार. ते फोनवर म्हणाले, "बेन, शनिवारी सकाळे माल लावून जा. बारा वाजता मी वापी निघून जाणार. त्याच्या आधी कप्पा भरला तर तुमचा, नाही तर खाखरावाला रोज फोन करतोच आहे."

पत्नीने तो आठवडा गच्ची आणि शेगडी यांच्यामध्येच काढला. पाकिटांवर नावाच्या चिकट्या लावायला मलाही बसवलं होतं, पण माझ्या चिकट्या तिरक्या येतात म्हणून उठवलं. शुक्रवारी रात्री पाकिटं खोक्यांत भरताना ती म्हणाली, "हा कप्पा मिळाला ना, की मी झाडूंच्या मागून बाहेर आले."

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "बाबांची जीप घेऊन जाऊ या. खोकी आरामात मावतील."

"छे! पहिला माल कसा दिमाखात गेला पाहिजे."

खोकी डिकीत गेली. एक खोकं बसेना, ते तिच्या पायाशी ठेवलं. आम्ही निघालो तेव्हा चांगली सकाळ होती आणि हातात भरपूर वेळ होता. एवढा वेळ हातात असला की मला काहीतरी सुचतं.

"गाडीची पूजा राहिलीय," मी म्हटलं. "देऊळ वाटेतच आहे."

"परत येताना करू."

"नव्या गाडीतून तुझा पहिला माल, आणि पूजेशिवाय?"

यावर तिला नाही म्हणता येईना. त्या दिवशी वादात मी जिंकलो तो हा एकदाच.

हायवेवरच्या त्या देवळाशी नव्या गाड्यांची नेहमीच रांग असते. ट्रक, टेम्पो, मोटरसायकली, ट्रॅक्टर. आमच्याकडे कुणी नवं चाक घेतलं की ते आधी इथे येतं. आमच्या मागे एक नवा कोरा ट्रक होता, त्याला मालकाने एवढे झेंडूचे हार घातले होते की काचेतून ड्रायव्हर दिसत नव्हता. पुजाऱ्यांनी आमच्या गाडीच्या टपावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मग हात पुढे केला.

"चावी द्या. देवीच्या पायाला लावून आणतो."

मी ठोकळा दिला. त्यांनी तो ताटात ठेवला, गाभाऱ्यात जाऊन आले, तोपर्यंत ठोकळ्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि एक जास्वंदीचं फूल आलं होतं. मग ते ताट घेऊन माझ्या दाराशी आले आणि खिडकीतून हात आत घातले.

"गंध कशाला लावू? स्टिअरिंगला का बटणाला?"

"दोन्हीला लावा."

त्यांनी दोन्हीला लावलं. ताट माझ्या छातीशी, ठोकळा ताटात, आणि बोट कुंकवाने लाल झालेल्या बटणावर. "करा सुरू," ते म्हणाले. मी दाबलं. इंजिन सुरू झालं. पुजाऱ्यांनी ताट बाहेर घेतलं, नारळ फोडला, "चला, लिंबावरून काढा" म्हणाले आणि मी लिंबं चिरडत गाडी पुढे काढली. फट् फट् असा छान आवाज आला. तोपर्यंत ट्रकवाल्याने हॉर्न दिला, पुजारी ताट घेऊन त्याच्याकडे वळले, पत्नीने खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात घातला आणि आम्ही हायवेला लागलो.

आयुष्यभर चावी हातात घेऊन, फिरवून, मग गाडी हलवलेल्या माणसाला चावी राहिली हे कळलं असतं, कारण गाडी हललीच नसती. माझी हलली. गाडी हलतेय म्हणजे चावी आहे, हा हिशेब माझ्या डोक्यात इतका जुना होता की मी खिसा चाचपलाही नाही.

गाडीने मात्र सांगितलं. पिंक् पिंक् पिंक् असा आवाज करत समोरच्या पडद्यावर काहीतरी चित्र दाखवायला लागली.

"हे काय वाजतंय?" पत्नीने विचारलं.

"तू बेल्ट लावला नाहीस."

"लावलाय."

"मग ते पायाशी खोकं आहे ना, त्याचं वजन तिला कळतं. उचलून मांडीवर घे."

तिने खोकं मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने आवाज थांबला. तो आपोआपच थांबायचा होता, पण मी म्हटलं, "बघितलंस? हिला सगळं कळतं."

ती पुढे सगळा वेळ ते खोकं मांडीवर घेऊन बसली.

तलासरीच्या अलीकडे पेट्रोलचा दिवा लागला. नवी गाडी लोकांना दाखवत फिरण्यात मी टाकी संपवली होती. पंपावर वळलो. पंपावरचा माणूस म्हणाला, "इंजिन बंद करा शेठ." मी बटण दाबलं. इंजिन बंद झालं. पेट्रोल भरून झालं. मी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पिंक्. ब्रेकवर पाय नीट ठेवून दाबलं. पिंक् पिंक्. मागे एका टेम्पोने हॉर्न दिला.

"शेठ, गाडी पुढे घ्या ना, लाइन लागलीय."

"घेतो, घेतो."

तो खिडकीत वाकून पडद्याकडे बघायला लागला. "चावी कुठंय?"

"हिला चावी नसते," मी थोडं तोऱ्यातच म्हटलं. "बिनचावीची आहे."

"मग ती चित्र कशाचं दाखवतेय?"

पडद्यावर चावीचं चित्र होतं आणि त्याच्यावर लाल फुली.

मी शर्टाचा खिसा बघितला, पँटचे चारी बघितले, सीटखाली बघितलं. पत्नीने तिची पर्स उलटी केली. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी त्या लाल बटणाकडे बघितलं. कुंकू अजून ओलं होतं.

"ताटात," ती म्हणाली.

तिने घड्याळ बघितलं आणि खोकं मांडीवरून खाली ठेवलं.

"घरी फोन करा. दुसरी आहे ना?"

मी बाबांना फोन लावला. "बाबा, कपाटातली गाडीची दुसरी चावी काढा आणि कुणाला तरी मोटरसायकलवरून पाठवा. लगेच."

"कपाटाला कुलूप आहे."

"उघडा ना मग."

"चावी?"

इथे मला आठवलं. मी जरा हळू आवाजात म्हटलं, "ती... गाडीच्या चावीच्या कडीत आहे."

मग बाबा म्हणाले, "म्हणजे बिनचावीच्या गाडीची चावी असते, आणि तिला तू आणखी एक चावी लावलीस?"

मी फोन ठेवला.

गाडी ढकलून बाजूला घ्यायची ठरली. तर इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग अडकलेलं. चोर गाडी ढकलत नेऊ नये म्हणून. त्यामुळे ती फक्त सरळ जात होती, आणि सरळ समोर हवा भरायचं मशीन होतं. टेम्पोवाला, त्याचा माणूस आणि मी अशा तिघांनी ती मशीनला नाक लागेपर्यंत नेली. मग डिकी. पत्नी म्हणाली, "खोकी काढा, मी दुसऱ्या गाडीने जाते." पण डिकीला बाहेरून हात लावला की तीही आधी ठोकळा शोधते, आणि ठोकळा नाही म्हटल्यावर ढिम्म. चोर असता तर त्याने काच फोडली असती. मी मालक, मला ते जिवावर आलं.

शेवटी मागच्या सीटची पाठ खाली पाडून मी डोक्याकडून डिकीत शिरलो. एकेक खोकं ओढून पत्नीकडे द्यायचं, तिने ते पंपाच्या कट्ट्यावर मांडायचं. माझे पाय मागच्या दारातून बाहेर. बाहेर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

"काय झालं हो?" कुणीतरी विचारत होतं.

"काही नाही," पंपावरचा माणूस सांगत होता. "शेठची गाडी चोरापासून एकदम सेफ आहे, आणि शेठपासून पण."

मी बाहेर आलो तेव्हा शर्टाला पुढून हळद आणि मागून डिकीतली धूळ होती. पत्नी रस्त्याकडे बघत होती. तिला राग आला की ती ओरडत नाही, कामाला लागते. तेच जास्त भीतिदायक.

"मी माल घेऊन जाते," ती म्हणाली. "तुम्ही चावी घेऊन या."

"तू एकटी? एवढी खोकी?"

"मग काय तुमची वाट बघू? बारा वाजता खाखरावाला येऊन बसेल तिथे."

ती तलासरीकडच्या बाजूला उभी राहिली, खोकी पायाशी रचून. मी दुभाजक ओलांडून पलीकडे, देवळाकडे, म्हणजे चारोटीकडे जाणाऱ्या बाजूला. असे आम्ही नवरा-बायको हायवेच्या दोन काठांवर उलट्या दिशांना हात करत उभे होतो, आणि मध्ये पंपावर नवी गाडी हार घालून हवेच्या मशीनसमोर उभी होती. मधून ट्रक गेला की पत्नी दिसेनाशी व्हायची, ट्रक सरला की पुन्हा दिसायची, आणि दर वेळी तिची नजर माझ्याकडे नव्हती. तिला आधी शेअरची जीप मिळाली. जीप खचाखच भरलेली. ड्रायव्हर खोकी बघून नाही म्हणतोय हे मला इकडून मान हलवण्यावरून कळलं. तिने एक पाकीट फोडलं आणि त्याच्या हातावर चकत्या ठेवल्या. त्याने खाल्ल्या. मग उतरून खोकी टपावर चढवली. माझ्याकडे बघून हात करेल असं वाटलं होतं. तिने टपावरच्या खोक्याला हात लावून बघितलं आणि आत बसली.

मला मिळालेल्या जीपमध्ये मी मागच्या फळीवर अर्धा बसलो. दोन वेळा फोन केला, तिने उचलला नाही. मला डोळ्यांपुढे घरच्या गच्चीवरची जाळी दिसत होती. चकत्या फिरवायला ती भर दुपारी टोपी घालून वर जायची. आणि मी दिमाख करायला गेलो होतो. समोर ड्रायव्हरने स्टिअरिंगखाली चावी फिरवली, जीप खोकली आणि चालू झाली. त्या चावीला सुतळी बांधली होती, आणि सुतळीचं दुसरं टोक स्टिअरिंगच्या दांड्याला. म्हणजे चावी हरवायला माणसाला सगळी जीप हरवावी लागली असती. सोय याहून वेगळी काय असते, असं मला तिथे क्षणभर वाटलं. तेवढ्यात एका खड्ड्यात जीपचं मागचं दार आपोआप उघडलं आणि मी शेजारच्याचा दंड धरला. म्हणजे सगळंच जुनं चांगलं होतं असंही नाही.

देवळात पोचलो. झेंडूवाला ट्रक गेलेला होता. पुजारी एका मोटरसायकलला हार घालत होते. ताट त्यांच्या हातात होतं. ताटात ठोकळा नव्हता.

"माझी चावी?"

"कुठली?"

"काळी. मगाशी. बटणाला गंध लावलंत ना."

"ती होय!" ते म्हणाले. "ती देवीपुढे ठेवली. लोक देवीला चांदीचे डोळे वाहतात, पाळणे वाहतात. मला वाटलं तुम्ही चावी वाहिलीत."

"चावी कोण वाहील?"

"मी पण तेच म्हटलं. पण गाडी तर घेऊन गेलात. चावीशिवाय गाडी जाते कशी? म्हटलं, यांच्याकडे दुसरी असणार, आणि ही नवसाची."

देवीसमोर खण, बांगड्या, नारळ आणि चांदीचे दोन डोळे यांच्या शेजारी आमचा ठोकळा कपाटाच्या चावीसकट बसला होता. मी हात पुढे केला तर पुजाऱ्यांनी अडवला.

"थांबा. एकदा पुढे ठेवलेलं असं उचलत नाहीत. नारळ आणा."

दुसरा नारळ आणला. ते गाभाऱ्यात गेले, देवीला काहीतरी सांगितलं, माझ्याच बाबतीत असावं, कारण सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. मग ठोकळा फूल ठेवून माझ्या ओंजळीत दिला. "आता गाडीत बसेपर्यंत मूठ उघडू नका," ते म्हणाले. हा विधी होता की खास माझ्यासाठी सूचना, ते मी विचारलं नाही.

मूठ न उघडता परत पंपावर आलो. बटण दाबलं. गाडी सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. टेम्पोवाला गेला होता, पंपावरचा माणूस होता. त्याने लांबूनच विचारलं, "मिळाली?" आणि मी मूठ दाखवली. अजून बंदच होती. एका हाताने चालवत मी तलासरी ओलांडली. बारा केव्हाच वाजून गेले होते.

हॉटेलासमोर दोन बसगाड्या उभ्या होत्या. दारालगत मालकांच्या गाडीसाठी पाटी लावलेली जागा रिकामी. म्हणजे ते वापीला गेले. बसची माणसं आत जेवत होती, गल्ल्याशी गर्दी होती, आणि त्या गर्दीतून मला पत्नी दिसली. ती गल्ल्याच्या मागे होती. काचेचा कप्पा बसच्या गिऱ्हाइकांनी अर्धा रिकामा केला होता, तो ती पुन्हा भरत होती, पाकिटांची तोंडं गिऱ्हाइकांकडे करून, प्रत्येक चिकटी सरळ. एक म्हातारी बाई पाकीट नाकाशी नेऊन वास घेत होती. गल्ल्यावर एक जाडसे गृहस्थ चकत्या खात बसले होते, मध्येच तिला 'बेन' म्हणत होते; म्हणजे हेच मालक.

"आलात?" पत्नी म्हणाली. एवढंच. पण आवाजात खोकं उतरवून ठेवल्यासारखं काहीतरी होतं, आणि मी श्वास सोडला.

"तुमची गाडी दिसली नाही," मी त्या गृहस्थांना म्हटलं. "मला वाटलं तुम्ही वापीला गेलात."

"गाडी मुलाला दिली, तो गेला वापीला," मालक म्हणाले. "बेन जीपच्या टपावर माल घेऊन आल्या, बाराच्या आत. मी विचारलं, तुमचे मिस्टर कुठे? तर त्या म्हणाल्या, गाडीची चावी देवाकडे ठेवून आले, ती आणायला गेलेत. मी म्हटलं, थांबू या, बघू तर खरं कोण आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. शर्टावरची हळद, केसांतल्या अक्षता, आणि अजून मिटलेली मूठ. मी ती उघडली. लाल झालेला ठोकळा, त्याला लटकणारी कपाटाची चावी, आणि चुरगळलेलं जास्वंद. त्यांनी ते सगळं शांतपणे बघून घेतलं, हातातली शेवटची चकती तोंडात टाकली आणि पत्नीकडे वळले.

"बेन, कप्पा तुमचा. माल एक नंबर आहे, दर शनिवारी पाठवा. पण आज आणलात तसा जीपनेच पाठवा, ह्यांच्याबरोबर नको."